सातवीनंतर हायस्कूल : गावच्या शाळेतून आठवीत जाताना काय काय करायचं

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंत असतात. सातवीचा निकाल लागला की मूल शेजारच्या मोठ्या गावातल्या नाहीतर तालुक्याच्या हायस्कूलला जातं. मी अशाच एका शाळेत सातवीचा वर्ग शिकवते. दर जूनमध्ये माझी मुलं आठवीला जातात आणि दिवाळीपर्यंत कोण तिथे रमलं, कोण दांड्या मारायला लागलं, हे कानावर येतं. दांड्या मारणाऱ्यांत हुशार मुलंही असतात. त्यांचं अडतं ते भलतीकडेच. सकाळची एसटी वेळेवर येत नाही, दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली असते म्हणून शिष्यवृत्तीचा फॉर्म परत येतो, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ओळखीचा एक चेहरा नसतो. अशा गोष्टी साठत गेल्या की मूल घरी बसतं, आणि मुलगी असेल तर तिला परत पाठवायला घरचे फारसे उत्सुक नसतात. यातली प्रत्येक गोष्ट आधीच हाताळता येते. घरातलं पहिलंच मूल हायस्कूलला धाडणाऱ्या आई-वडिलांसाठी ती क्रमाने लिहिते आहे.

जानेवारी : रजिस्टरमधली नोंद बघून घ्या

सगळ्यात आधी हे काम, आणि ते मुलगा किंवा मुलगी सातवीत असतानाच. मुख्याध्यापकांना भेटा आणि जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद दाखवायला सांगा. पुढे हातात पडणारा शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच नोंदीची नक्कल. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मस्थळ, जात आणि पोटजात, एकेक रकाना वाचा. शेजारी जन्माचा दाखला आणि आधार कार्ड ठेवा. वेलांटी-उकारापर्यंत जुळवा.

चुका ठरलेल्या असतात. आधारवर एक आडनाव, रजिस्टरला दुसरं. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. आणि जन्मतारीख १ जून. पहिलीत नाव घालताना जन्माचा दाखला हाताशी नसला की पूर्वी सर्रास १ जून लिहिली जायची, त्यामुळे खेड्यापाड्यांत एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. आता जन्माची नोंद बहुतेकांकडे असते, तरी ही तारीख अजून अधूनमधून सापडते.

चूक दिसली तर लगेच लेखी अर्ज द्या, सोबत जन्माचा दाखला आणि शाळा मागेल ते प्रतिज्ञापत्र. मुख्याध्यापक तो वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवतात आणि मंजुरी आली की रजिस्टरला दुरुस्ती होते. याला आठवडे लागतात, कधी महिने. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत ही दुरुस्ती सोपी असते. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ती फार अवघड होऊन बसते. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर हेच नाव आणि हीच तारीख उतरणार आहे, म्हणून मी पालकांच्या मागे जानेवारीतच लागते.

जात आणि पोटजातीचा रकाना विशेष काळजीने पाहा. पुढे जात पडताळणीला वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतल्या नोंदी मागतात. वडील किंवा आजोबा याच शाळेत शिकले असतील तर त्यांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठीही, म्हणजे रजिस्टरमधल्या त्यांच्या नोंदीच्या नकलेसाठी, आत्ताच अर्ज करून ठेवा. जुनी रजिस्टरं जीर्ण होत चालली आहेत.

फेब्रुवारी-मार्च : शाळा बघायला स्वतः जा

शाळा चालू असताना, कामाच्या दिवशी जा. सोबत मुलाला न्या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात.

पहिला प्रश्न, शाळा अनुदानित आहे का. अनुदानित असेल तर आठवीपर्यंत शिक्षण मोफत, बालभारतीची पुस्तकं मोफत आणि दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंत मिळतो. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर वर्षाची एकूण फी किती, हे लेखी मागा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशाला देणगी घेता येत नाही, मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी असली चाळणीही लावता येत नाही. ‘इमारत निधी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर ते देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. गणित आणि इंग्रजी शिकवायला त्या विषयाचे शिक्षक आहेत का, की जागा रिकामी असून कुणीतरी तास भागवून नेतं? हे कार्यालयात नीट कळणार नाही. आपल्या गावातून तिथे नववी-दहावीत जाणाऱ्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी पाहायची : मुलींचं स्वच्छतागृह. पाणी आहे का, आतून कडी लागते का, कुलूप कुणाकडे असतं. बरोबर आईने जाऊन पाहावं. दिवसभर लघवी तुंबवून, पाणी न पिता बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. शाळेच्या निकालाच्या टक्केवारीइतकंच वजन मी या गोष्टीला देते.

गावच्याच जिल्हा परिषद शाळेत आठवी असेल, तर तिथेच ठेवावं की आत्ताच हायस्कूलला घालावं, हा प्रश्न नेहमी येतो. गणित-विज्ञानाला चांगले शिक्षक असतील तर आठवी गावात करायला माझी हरकत नसते. पण नववीत वर्ग नवा, शाळा नवी आणि दहावी एका वर्षावर, असं होतं. शिक्षकांची खात्री नसेल तर आठवीतच जाणं बरं.

आणि सेमी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पालकांना त्याची ओढ असते आणि ती मला समजते. पण बऱ्याच हायस्कूलांत सेमीची तुकडी पाचवीपासून असते. तुमचं मूल आठवीत तिथे बसलं तर शेजारच्या मुलाने तीन वर्षं इंग्रजीतून गणित केलेलं असतं. सातवीचं इंग्रजीचं पुस्तक मूल न अडखळता वाचत असेल, वाचलेलं मराठीत सांगू शकत असेल, तरच सेमी घ्या. नाहीतर मराठी माध्यमातून गणित पक्कं करा. अकरावीला विज्ञान शाखा घेतल्यावर पारिभाषिक शब्द बदलतात, संकल्पना तीच राहते, आणि पाया भक्कम असलेली मुलं ते शब्द आत्मसात करतात, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

रस्ता ठरवा

ज्या वेळेला मूल जाणार त्याच वेळेला एकदा त्या रस्त्याने जाऊन या. सकाळची एसटी किती वाजता येते, ती किती भरलेली असते, संध्याकाळची शेवटची कधी, थांब्यापासून शाळा किती लांब. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की काय करायचं, तेही ठरवून ठेवा. शाळा जूनमध्ये उघडते आणि लगेच पाऊस लागतो.

पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा असा एसटीचा पास मोफत मिळतो. ही योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आहे. मुलांना पासावर मोठी सवलत असते, भाड्याचा साधारण एक तृतीयांश भाग भरावा लागतो. पासासाठी शाळेचं बोनाफाईड किंवा शाळेने आगाराला पाठवलेली यादी लागते. यादीत आपलं नाव आणि गावाच्या थांब्याचं नाव बरोबर आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. तुमचा तालुका मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते आणि लांबच्या मुलींसाठी वेगळ्या बस असतात. त्याची चौकशी हायस्कूलच्या कार्यालयात होते.

वडाप किंवा खाजगी जीपने पाठवणार असाल तर चालकाचा नंबर आणि गाडीचा नंबर घरी लिहून ठेवा. मुलीला शक्यतो गावातल्या दोघी-तिघींच्या सोबतीने पाठवा. एकीला बरं नसेल तर बाकीच्यांनी काय करायचं, हेही ठरलेलं असू द्या. नाहीतर एकीच्या तापामुळे तिघींची शाळा बुडते.

ज्यांना रोजचं येणं-जाणं शक्यच नाही, त्यांनी वसतिगृहाचा विचार करावा. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांत आठवीपासून प्रवेश मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. मुलाला फडावर नेण्याआधी मुख्याध्यापकांना याबद्दल विचारा.

निकाल ते प्रवेश

निकाल बहुधा १ मेच्या सुमारास हातात येतो. त्याच दिवशी दाखल्यासाठी अर्ज द्या. दाखला मिळाला की तिथेच उभं राहून पुन्हा वाचा, आणि हायस्कूलला देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा. मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते, परत मिळत नाही. बाकीचे कागद म्हणजे सातवीचं प्रगतिपत्रक, आधार, फोटो, जातीचा दाखला असल्यास तो, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या बँक खात्याचं पासबुक. खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं असावं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे थेट तिथे येतात. मे-जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी उसळते. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा.

दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहेत. अडचण आलीच तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तरी हललं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आवाज चढवण्याची गरज पडत नाही, पोच घेतलेला कागद पुरतो.

एक काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून राहून जातं. मुलाची माहिती सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलांवर ऑनलाइन असते आणि ती जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे जावी लागते. जूनच्या शेवटी दोन्हीकडे विचारा, ‘ऑनलाइन नाव आलं का?’

गणवेश आणि पुस्तकांवर मे महिन्यातच पैसे घालू नका. पुस्तकं शाळा देते. मोफत गणवेशाची योजना सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांची आहे, त्यामुळे खाजगी अनुदानित हायस्कूलला गेलात तर गणवेश आपला आपणच घ्यायचा. रंग, बिल्ला, शनिवारचा पीटीचा ड्रेस, सगळं शाळेत विचारून मग शिवा. मोठ्या मुलांचे जुने गणवेश गावात मिळत असतील तर नि:संकोच घ्या.

सुट्टीतला अभ्यास, थोडाच पण नेमका

आठवीचं पुस्तक आधी आणून धडे उरकायची घाई नको. आठवीच्या गणितात सुरुवातीलाच परिमेय आणि अपरिमेय संख्या, समांतर रेषा, घातांक येतात, पुढे विस्तारसूत्रं आणि अवयव. हे सगळं उभं आहे ते अपूर्णांकांवर, ऋण संख्यांवर आणि साध्या समीकरणांवर. मुलाला तीन गणितं घाला : दोन वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, उणे पाचातून उणे आठ वजा करणे, आणि एका चलातलं एखादं समीकरण. जिथे अडेल तिथलाच सराव मे महिनाभर, रोज अर्धा तास. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ असले तर हायस्कूलचा वेग झेपतो.

वाचन मोठ्याने करून घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. शिकलेले नसाल तरी समोर बसून ऐका. मूल कुठे थबकतं हे ऐकणाऱ्याला कळतंच.

जून : हे मुलाने स्वतः वाचायचं आहे

आतापर्यंत तुझे बाई किंवा सर दिवसभर वर्गातच असायचे. वही घरी राहिली तर ‘बाई, उद्या आणतो’ म्हटलं की भागायचं. हायस्कूलमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि नवे सर येतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाची वही वेगळी. म्हणून पहिल्या दिवशी वेळापत्रक उतरवून घे आणि घरी दप्तर जिथे ठेवतोस तिथे भिंतीवर चिकटव. रात्रीच दप्तर भर. सकाळी एसटीच्या घाईत हमखास काहीतरी राहतं.

तुझी तुकडी कुठली, हजेरी क्रमांक किती, वर्गशिक्षक कोण, हे पहिल्याच दिवशी पाठ कर. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना जाऊन एवढंच सांग : माझं नाव अमुक, मी अमुक गावाहून येतो, एसटी या वेळेला पोचते. बस उशिरा आली तर मग ते समजून घेतात. न सांगता रोज दहा मिनिटं उशीर केलास तर त्यांच्या लेखी तू उशीर करणारा मुलगा होतोस, आणि ते मत पुसायला वेळ लागतो.

वर्गातली बरीच मुलं पाचवीपासून एकत्र आहेत. त्यांचे गट आहेत, बाकं ठरलेली आहेत. पहिले काही दिवस एकटं वाटेल. सगळ्यांशी मैत्री करायची गरज नाही, एका मुलाशी कर. सुट्टीत डबा त्याच्याबरोबर खा. तुझ्या बोलण्याला कुणी हसलं तर बोलणं थांबवू नकोस. तू बोलतोस तीच भाषा तुझ्या घरादाराची आहे आणि ती चांगली आहे. पुस्तकी मराठी लिहिण्यासाठी शीक, बोलणं सोडू नकोस.

फळ्यावरचं उतरवून झालं नाही, समजलं नाही, तर तास संपल्यावर सरांना गाठ. भर वर्गात विचारायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर प्रश्न लिहून ने. फळा नीट दिसत नसेल तर घरी सांग. चष्मा लागला असू शकतो, त्यात काही वाईट नाही.

एक निर्णय तुला जूनमध्येच घ्यायचा आहे. आठवीत बऱ्याच शाळांत संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा अर्धं हिंदी-अर्धं संस्कृत, ज्याला संयुक्त म्हणतात, असे पर्याय असतात. मित्राने घेतलं म्हणून घेऊ नकोस. संस्कृतला शिकवायला शिक्षक नियमित आहेत का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचार. पाठांतर तुला सोपं जातं का, हे तुलाच माहीत. हीच निवड दहावीपर्यंत राहते.

मुलींच्या आईसाठी

पाळी याच सुमारास सुरू होते, किंवा नुकतीच झालेली असते. दप्तराच्या एका कप्प्यात पॅड, कागदी पिशवी आणि जादा निकर कायम असू द्या. शाळेत कुठल्या बाईंना सांगायचं, हे तिला आधीच ठाऊक हवं. प्रवेशाच्या वेळी तुम्हीच त्या बाईंची ओळख करून घ्या.

रस्त्यात, थांब्यावर, शाळेत कुणी त्रास दिला तर ती घरी सांगेल का, हे तुम्ही ऐकून कसं घेता त्यावर ठरतं. तिने एकदा सांगितलं आणि उत्तर ‘उद्यापासून शाळा बंद’ असं आलं, तर ती पुन्हा कधीच सांगणार नाही. शाळेत तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती असते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन मोफत आहे आणि तो नंबर तिला पाठ असू द्या. त्रास देणाऱ्याचा बंदोबस्त करायचा, तिची शाळा चालू ठेवायची. माझं पालकांशी यावरच सर्वांत जास्त बोलणं होतं.

आठवीचं वर्ष चालू असताना

आठवी ‘अशीच’ पास होते हा समज सोडून द्या. राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. प्रथम सत्राचे गुण दिवाळीच्या आसपास कळतात. ज्या विषयात गाडी अडली आहे त्या शिक्षकांना तेव्हाच भेटा. मार्चमध्ये भेटून हाती काही लागत नाही.

आणि एक फॉर्म चुकवू नका : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. परीक्षा आठवीत असताना होते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि सातवीला किमान ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीला त्यात ५ टक्क्यांची सूट. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० गुणांचे. फॉर्म शाळेमार्फत भरला जातो, म्हणून ऑगस्टपासूनच वर्गशिक्षकांना विचारत राहा. निवड झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पास झालेली मुलंही इथे गळतात. गुणवत्ता यादीत नाव आलं आणि खात्यात रुपया आला नाही, असं व्हायला नको.

शाळेत एनसीसी असेल तर भरती आठवीतच होते. चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट परीक्षा द्यावी, दहावीला वाढीव गुण मिळतात. नवोदय विद्यालयात आणि साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये नववीलाही प्रवेश परीक्षेने जाता येतं, तिचा अर्ज आठवीत असताना करायचा असतो.

मध्येच शाळा सुटली तर

आजारपण, स्थलांतर, घरातला मृत्यू, कशानेही शाळा सुटू शकते. मूल महिना-दोन महिने गेलंच नाही म्हणून दार बंद झालं असं समजू नका. आठवीपर्यंत वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात घेतलं जातं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण मोफतच राहतं. आधी वर्गशिक्षकांना फोन करा. त्यांच्याकडून नाही झालं तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. आणि गावच्या जुन्या शाळेत या. मुलाला आम्ही ओळखतो, हायस्कूलला सोबत येऊन बोलायला आमच्यापैकी कुणीतरी नक्की येईल.